देल्विना, जेवायला ये

१

दर गुरुवारी मी आत्याला शेतावर जेवायला नेते. सकाळी वृद्धाश्रमाच्या दारात गाडी लावायची, तिची काठी मागच्या सीटवर टाकायची, तिची कुरकुर ऐकत तिला पट्टा बांधायचा आणि नदीकाठचा रस्ता सोडून तिसऱ्या रांगेकडं वळायचं. आमच्या सेंत-फेब्रोनीत शेतं अशी रांगांनी आहेत. नदीच्या अंगानं डोंगराकडं गेलेल्या लांब, चिंचोळ्या पट्ट्या. तिसऱ्या रांगेतली एक पट्टी आम्हा मेर्सियेंची. तिथं आता माझी मुलगी मिलेन आणि जावई यानिक राहतात आणि मेंढ्या पाळतात.

वृद्धाश्रमात आत्याला सगळे देल्विना म्हणतात. "देल्विना, टोपी राहिली बघा," असं नर्स म्हणते. आत्या म्हणते, "राहू दे गं, डोक्यात तरी काय राहिलंय." गाडीत मी चेष्टेनं देल्विनाबाई म्हटलं तरी तिला चालतं. पण टपालपेटी मागं पडली आणि गाडी शेताच्या वाटेला लागली, की ती माझ्या गुडघ्यावर बोट आपटते.

"आता नेनेत."

"हो, नेनेत."

हे इतक्या वर्षांचं, की मला त्यात कधी काही वाटलंच नाही. दारात बूट काढतो तसं शेताच्या तोंडाशी नाव काढून ठेवायचं. माझे वडील तिचे सख्खे भाऊ, तेही तिला नेनेतच म्हणत. घरात तिचं खरं नाव मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी, बर्फ नुकतं वितळत असताना, एका गुरुवारी पार्सल घेऊन एक माणूस आला. आत्याच्या कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या होत्या. मिलेननं त्याला स्वयंपाकघरात घेतलं. त्यानं डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "देल्वि..."

आत्यानं हातातली पळी पातेल्यावर आपटली. आपटतच राहिली. वर मोठ्यानं चर्चमधलं काहीतरी गायला लागली. वाटाण्याचं सूप चुलीवर सांडून चरचरलं. तो माणूस बावरला, सही घेऊन पळाला. मिलेन पोट धरून हसली, तिला सातवा महिना होता. मीही हसले.

आत्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ती दाराकडं बघत नव्हती. वर, छताकडं बघत होती.

२

छतात एक लोखंडी जाळी आहे. जुन्या घरांत असायचीच. खाली चूल पेटली की ऊब त्या जाळीतून वरच्या खोलीत जाते. आम्ही लहानपणी वर पालथं पडून त्या जाळीतून मोठ्या माणसांची भांडणं बघायचो. जिना स्वयंपाकघरातूनच वर जातो. जिन्याच्या तळाला दार आहे, लाकडी, कडीचं. हिवाळ्यात ते बंद ठेवतात, नाहीतर सगळी ऊब वर पळते.

त्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा एक भला मोठा कागद पसरलेला असायचा. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सगळ्या मेर्सियेंचा मेळावा भरणार होता, आणि गणिताची बाई म्हणून वंशवृक्षाचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मोंमान्यीच्या शाळेत मी जन्मभर पोरांना समीकरणं शिकवली. माणसं मांडायला किती अवघड जाणार, असं मला वाटलं होतं.

तो घोळ सुटता सुटेना. आमच्यात प्रत्येक मुलाचं बाप्तिस्म्याचं पहिलं नाव जोझेफ, प्रत्येक मुलीचं मारी. मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी घरात हाक मारायचं नाव. आडनावं दोन. कुणा पूर्वजाला सैन्यात लाजनेस म्हणत, म्हणून आम्ही मेर्सिये दी लाजनेस. 'दी' म्हणजे 'असंही म्हणतात'. पुढं एका भावानं एक आडनाव उचललं, दुसऱ्यानं दुसरं, आणि सख्ख्या भावांची पोरं परकी झाली. म्हणून गावात कुणी आडनाव विचारतच नाही. विचारतात, कुणाची? मी सांगते, युगेत, रोझेरची, ओव्हिलाची. म्हणजे मी, माझे वडील, माझे आजोबा. तेवढ्यानं ओळख पटते.

त्यात आणखी एक रीत. मूल गेलं, की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं. थोरल्याचा कोट धाकट्याला घालावा तसं. सगळ्याच घरांत हे होतं, त्यात अशुभ कुणी मानत नसे. माझ्या आजीचे, एक्झिल्दाचे, मुलगे जगले. मुली जगत नव्हत्या. पहिल्या मुलीचं नाव तिनं देल्विना ठेवलं. ती गेली. दुसरीचं देल्विना. तीही गेली. अशा पाच देल्विना मी कागदावर एकाखाली एक लिहिल्या. सहावी जगली. ती आमची आत्या.

मिलेन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"देल्विना," ती म्हणाली. "आई, काय गोड नाव आहे. हल्ली सगळे जुनीच नावं ठेवतात. मुलगी झाली तर हेच."

"आधी आत्याला विचार."

"विचारायचं काय त्यात? खूशच होईल ती."

३

मीच विचारलं, परतीच्या वाटेवर, गाडीत.

आत्यानं मान हलवली. "नको."

"का गं? तुझी आठवण राहील."

"मी काय मेले का? आठवणीचं बघता येईल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी मेल्यावरही नको. मिलेन दुसरीकडं राहत असती तर ठेवा म्हटलं असतं. त्या घरात नको."

मी गाडी चर्चसमोर थांबवली. नदीवर अजून बर्फाचे तुकडे वाहत होते. आत्या त्यांच्याकडं बघत बोलत होती, हवापाण्याबद्दल बोलावं तशी.

"मी चारेक वर्षांची असेन. वर खेळत होते. आईनं जिन्याच्या तळातून हाक मारली, देल्विना, जेवायला ये. मी उतरले. खाली येऊन आईजवळ उभी राहिले. पण उतरण्याचा आवाज थांबेना. माझ्यामागं जिना वाजतच होता. अनवाणी पावलं. आईनं माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून बसली. बाबा शेतातून येईपर्यंत उठली नाही. रडत होती, पण दार सोडत नव्हती. त्या दिवसापासून मी नेनेत."

"आत्या, जुनं लाकूड वाजतं."

"वाजतं की. लाकूड मला माहीत नाही होय?" ती माझ्याकडं वळली. "मला भीती वाटत नाही गं त्यांची. त्यांची चूक काय? त्यांचं नाव काढून मला घातलं. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मग त्या नावानं जेवायला बोलावलं, की यायचं नाही तर काय करायचं? पोरीच त्या. भुकेल्या असणार."

चार वर्षांच्या मुलीची आठवण, तीही इतक्या वर्षांनी पुन्हा पुन्हा सांगून घोटलेली. वर्गात मी अशा उत्तराला शून्य दिलं असतं. पण तिनं ते कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं, असं ती म्हणाली. मग घोटलं कुणी?

४

मुलगी झाली. मिलेननं तिचं नाव देल्विना ठेवलं.

मी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, तू ना गणिताची बाई? नेनेतआजीचं वय बघ आणि तू काय बोलतेस ते बघ." यानिक म्हणाला, "आई, तुमच्या खानदानात भुतंसुद्धा जेवणाच्या वेळेलाच येतात का? मग मेळाव्याला त्यांनाही ताटं मांडू." मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून बरंही वाटलं.

बाप्तिस्म्याला आत्या पहिल्या बाकावर बसली होती. फादरांनी नाव घेतलं तेव्हा तिनं डोळे मिटले. तिथं घर नव्हतं, तिथं नाव चालत होतं. तरी मिटले.

पुढच्या गुरुवारी आम्ही शेतावर गेलो. बाळ पाळण्यात, चुलीपासून जरा लांब. मिलेन कोंबडीचा रस्सा वाढत होती, आणि वाढता वाढता पाळण्याकडं वळून म्हणाली, "काय गं देल्विना, बघतेस काय? देल्विना! तुला भूक लागली का?"

आत्यानं चमचा खाली ठेवला.

वर काहीतरी सरकलं. जड नाही, भराभरही नाही. कुणीतरी खूप वेळ एका जागी बसून मग उठावं, तसा फळ्यांचा आवाज. मग ओढत टाकलेलं एक पाऊल. मग आणखी एक, पण पहिल्याच्या पुढं नाही. त्याच्या शेजारी.

"यानिक वर आहे का?" मी विचारलं.

"यानिक गोठ्यात आहे," मिलेन म्हणाली. "हे रोजचंच आहे, आई. नवीन खिडक्या बसवल्यापासून घर आखडतंय. यानिक म्हणतो जिवंत लाकूड."

जाळीतून थोडी धूळ खाली पडली. माझ्या रश्श्यावर तरंगली. मी ती चमच्यानं काढली आणि जेवले. न जेवले असते, तर आत्याचं खरं मानल्यासारखं झालं असतं.

५

त्या हिवाळ्यात मी मनातल्या मनात हिशोब मांडत राहिले. आत्या म्हणते नावानं येतात. मग नाव घेतलं की आवाज व्हायला हवा, नाही घेतलं तर व्हायला नको. इतकं साधं.

एका दुपारी मिलेन आणि यानिक गावात गेले, बाळ माझ्याजवळ. मी जिन्याच्या दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, "देल्विना." काही झालं नाही. खरं सांगायचं तर मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी पाठ दाराला टेकली आहे. केव्हा टेकली ते आठवेना. मी पुन्हा म्हटलं नाही.

दुसऱ्या एका दिवशी उलट झालं. बाळ झोपलेलं, आम्ही कुणीच तिचं नाव घेतलेलं नव्हतं. यानिकनं अंगणातून बायकोला हाक मारली, "मिलेन! ही मेंढी बघ!" मिलेन धावत बाहेर गेली. आणि वर, अगदी त्याच वेळी, कुणीतरी धावलं. भराभर, हलक्या पायानं, खिडकीकडं.

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. नाव घेतलेलंच नव्हतं. म्हणजे नावाचा काही संबंध नाही. म्हणजे खार शिरली असणार माळ्यावर. मी यानिकला सापळा लावायला सांगितलं. त्यानं लावला. सापळ्यातलं शेंगदाण्याचं लोणी तसंच वाळून गेलं.

आत्याला मी हे फोनवर सांगितलं. समीकरण खोटं ठरलं, म्हटलं.

तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "भराभर धावलं?"

"हो. खार."

"आमच्यातली कुणी नाही भराभर धावायची," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

६

मार्चमधला गुरुवार. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, मिलेन आणि यानिक सारखे गोठ्यात. मी आणि आत्या स्वयंपाकघरात, बाळ माझ्या मांडीवर. बाहेर ऊन इतकं लख्ख, की बर्फाकडं बघवत नव्हतं. चुलीवर सूप होतं.

मिलेन हात पुसत आत आली, गालांना थंडी लागलेली, खुशीत. जुळी कोकरं झाली होती. "देल्विना! माझी राणी! देल्विना, बघ तरी, तुला दोन मित्र आले!" आणि तशीच परत गोठ्यात पळाली.

या वेळी वरचा आवाज थांबला नाही. पावलं ओढत ओढत जिन्याच्या तोंडाशी आली. एक नव्हतं, कितीतरी होती. पहिली पायरी वाजली. मग पुढची. एकमेकींचा आधार घेत, मध्ये थांबत, दम खात. त्यांच्यामागून एक मात्र हलकं पाऊल, जे पुढं जायला बघत होतं आणि जागा मिळत नव्हती.

मी बाळाला घट्ट धरलं. डोक्यात एकच विचार फिरत होता, अगदी मूर्ख विचार, की यानिकला सांगून पायऱ्यांवर सतरंजी टाकून घ्यायला हवी.

दाराची कडी हलली.

आत्या उठली. मला वाटलं आता तीही आपल्या आईसारखी दाराला पाठ लावून बसणार. तिनं काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि एप्रनला हात पुसले.

"आत्या, नको."

"इतकी वर्षं विचार करून ठेवलाय मी," ती म्हणाली. "नुसतं धाडस नव्हतं. आता या बाळासाठी तरी करायला हवं. तू बस. सूप लागू देऊ नकोस."

तिनं कडी काढली. दार फक्त तिच्यापुरतं उघडलं, आत गेली आणि मागं ओढून घेतलं. जिन्यावर तिचा आवाज ऐकू आला. "चला, वर चला. इथं पडाल सगळ्या."

मग ती सगळी पावलं वर गेली, तिच्यासकट. कुठली तिची ते मला ओळखता आलं नाही.

जाळीतून तिचं बोलणं ऐकू येत होतं, मुलांना झोपवताना बोलावं तसं.

"तू थोरली. खोकला होता ना तुला? तू फेलिसिते. फेलिसिते, ओव्हिलाची. म्हणून बघ. हां. तू? तू रोझाना. आवडलं? तू आल्मा, रडू नको. तू सेवेरीन. आणि तू अगदीच लहान होतीस, नाही का, तू झेली. झेली, ओव्हिलाची. आता मला देल्विना म्हणतील तेव्हा यायचं नाही. या बाळाला म्हणतील तेव्हाही नाही. ते आता तुमचं नाही. तुमची तुम्हाला दिली."

एकेक फळी वाजली आणि शांत झाली. चुलीतलं लाकूड तडतडलं. मला रडू येत होतं, आणि का ते कळत नव्हतं.

मग आत्याचा आवाज बदलला. गोंधळलेला.

"आणि तू? तू कुणाची गं?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. आत्याला आलं असावं, कारण ती नंतर काहीच बोलली नाही.

७

ती खाली आली तेव्हा भिंत धरून आली. खुर्चीत बसली. मी पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरलं.

"म्हाताऱ्या झाल्यात बिचाऱ्या," ती म्हणाली. "माझ्यासारख्याच दिसतात. गुडघे दुखत असतील." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर आणखी एक आहे. तिला मी नाव देऊ शकत नाही. माझी नाही ती."

"कुणाची?"

"म्हणाली, युगेतची."

मिलेनच्या आधी मला एक मुलगी झाली होती. नवरा तेव्हा उत्तरेला लाकूडतोडीच्या कामावर होता, म्हणून बाळंतपणासाठी मी इथं, वडिलांच्या घरी आले होते. वरच्या जाळीच्या खोलीत तिचा पाळणा होता. थोडे दिवसच जगली. तिचं नाव मिलेन. पुढं दुसरी मुलगी झाली तेव्हा माझी आई म्हणाली, नाव छान आहे, वाया कशाला घालवायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे कुणापासून लपवलेलंही नाही. मिलेनला माहीत आहे. वंशवृक्षावर मीच माझ्या हातानं एकाखाली एक दोनदा मिलेन लिहिलंय. पाच देल्विनांबद्दल हळहळले, त्याच पेनानं लिहिलंय.

लग्न झाल्यापासून यानिक या घरात दिवसभर मिलेन, मिलेन अशा हाका मारतो.

मी बाळ आत्याच्या मांडीवर दिलं आणि वर गेले. धाडसानं नाही. पाय जात होते म्हणून गेले. ती तर रांगायलाही शिकली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते, ती धावेल कशी? पायऱ्या उबदार होत्या, चुलीची ऊब असेल. वरचा बोळ उन्हानं भरला होता. जाळीच्या खोलीचं दार अर्धं उघडं. गोधडी अंथरलेला पलंग, यानिकच्या जुन्या स्की, खोके. सगळं रोजचं.

मी खाली बघत होते. लहान मूल शोधत होते मी, गुडघ्याच्या, फार तर कमरेच्या उंचीला. म्हणून मला आधी दिसलंच नाही.

दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं एक हात होता, माझ्या खांद्याच्या उंचीला. मोठ्या बाईचा हात. मिलेनचा म्हणावा इतका मिलेनचा. तीच लांब बोटं, करंगळी तशीच किंचित आत वळलेली. फक्त त्या हातावर कशाचीच खूण नव्हती. ना भाजल्याची, ना कामाची, ना उन्हाची.

नाव द्यायचं होतं. महिनोन् महिने मी शेकडो नावं लिहीत होते, त्यातलं एकही आठवेना. जोझेफ, मारी, जोझेफ, मारी, एवढंच डोक्यात वाजत होतं.

खाली पडवीचं दार उघडलं. यानिकचा आवाज आला, मोकळा, भुकेला. "मिलेन! जेवायला ये!"

"आले!" अंगणातून माझी मुलगी म्हणाली.

"आले," दारामागून कुणीतरी म्हणालं. त्याच आवाजात. फक्त हळू, पहिल्यांदाच बोलून बघावं तसं.

बोटं चौकटीवरून सुटली. ती निघाली होती.

"ओदील," मी घाईघाईनं कुजबुजले. कुठून आलं ते नाव, माहीत नाही. घराण्यात कुणाचं नाही. "तू ओदील. ओदील, युगेतची. ऐकलंस? तू मिलेन नाहीस. तू ओदील."

ऊन तसंच होतं. दारामागं कुणी नव्हतं. मी खोलीत जाऊन पलंगावर बसले, आणि जाळीतून खाली टेबलाभोवती माणसं जमताना बघत राहिले. आत्याचा पांढरा अंबाडा, यानिकचं टक्कल पडत चाललेलं डोकं, बाळाचे हलणारे हात, मिलेनचे मोकळे सोडलेले केस. मिलेननं मान वर करून जाळीकडं बघितलं आणि हसली.

"आई, ये ना खाली. सूप गार होतंय."

८

त्यानंतर घर शांत झालं. आत्या आता शेतावरही देल्विनाच आहे. "नव्वदी ओलांडल्यावर नाव परत मिळालं, आता पुरवून वापरते," असं ती म्हणते. बाळाला सगळे नावानं हाका मारतात, मी मुद्दाम मोठ्यानं मारते. वर काही वाजत नाही. मेळावा झाला, वंशवृक्ष सगळ्यांना आवडला. यानिकनं माळ्यावरचा सापळा काढून टाकला.

ओदील हे नाव मी कुणालाच सांगितलेलं नाही. आत्यानं विचारलं, दिलंस का, मी म्हटलं, दिलं. तिनं पुढं विचारलं नाही.

एवढंच, की यानिक हल्ली कुरकुर करतो. मिलेनला हाक मारली तर ओ देत नाही, म्हणतो. दोनदा, तीनदा मारावी लागते. मेंढ्यांनी कान किटवलेत हिचे. मिलेन त्यावर हसते. छान आहे ती. भरपूर खाते, पहिल्यापेक्षा जास्तच. बाळाला तासन् तास न्याहाळत बसते.

परवाच्या गुरुवारी ती चुलीपाशी बाळाला पाजत बसली होती. पाठ माझ्याकडं होती. मी बटाटे सोलत होते. मला तिची करंगळी दिसत होती. लहानपणापासून त्या हातावर इस्त्रीचा एक चट्टा होता, तो मनगटाच्या वर होता की खाली, ते मला आठवत नव्हतं. बाहीमुळं दिसतही नव्हतं. मी उगाचच, सुरीकडं बघत, स्वतःशीच पुटपुटावं तसं म्हटलं,

"ओदील."

"काय गं आई?" ती म्हणाली.